ब्रेक्झिटचं खापर कुणाच्या डोक्यावर आणि बिल कुणाच्या नावावर?

डोव्हरकर | शनि, ०९/०८/२०२५ - २२:१४

भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या धाग्यावर ब्रेक्झिटचं अवांतर इतकं माजलं की संपादकांनी वेगळा धागा काढायला सांगितलं, म्हणून हा प्रपंच. आधी हितसंबंध सांगून टाकतो. मी केंटमध्ये, म्हणजे डोव्हर बंदर ज्या भागात येतं तिथे, कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. ब्रेक्झिटमुळे ज्यांच्या धंद्याला बरकत आली अशा मोजक्या जमातींत आमची गणना होते. म्हणजे खाल्ल्या मिठाला जागायचं तर मी गप्प बसायला हवं.

नुकसान झालं का, यावर इथे आता फार कुणी भांडत नाही. भांडण उरलंय ते दोष कुणाचा यावर, आणि ते मिटायची चिन्हं नाहीत, कारण नुकसान एका दणक्यात झालंच नाही. जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा कौल लागला. त्याआधी अर्थमंत्री ऑस्बोर्न यांनी भीती घातली होती की बाहेर पडायचं ठरवलंत तर लगोलग मंदी येईल. आली नाही. झालं, 'तज्ज्ञांना काय कळतंय' म्हणणारे मोकळे सुटले. प्रत्यक्षात ब्रिटन युरोपच्या एकल बाजारपेठेतून (सगळीकडे एकच नियम) आणि कस्टम्स युनियनमधून (आपसात जकात नाही) बाहेर पडला तो १ जानेवारी २०२१ ला, तेव्हा अख्खा देश कोविडमुळे घरात बसलेला. दुकानात माल नाही? कोविड. डोव्हरला रांग? कोविड, नाहीतर फ्रेंचांचा खोडसाळपणा. सप्टेंबर २०२१ मध्ये पेट्रोलपंप कोरडे पडले, ट्रकड्रायव्हर मिळेनात, सरकारने घाईघाईने ५००० तात्पुरते व्हिसा काढले. तेही कोविडच. पुढच्या वर्षी युक्रेनचं युद्ध लागलं आणि महागाई त्या खात्यावर गेली. यातलं बरंचसं खरंही आहे, हीच तर पंचाईत.

आता वचनं आठवा. आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील म्हणणारी ती प्रचाराची लाल बस सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस २०१६ मध्ये संसदेत म्हणाले होते की ब्रेक्झिटला तोटा असा काही नाहीच, आहे तो फायदाच. व्यापारमंत्री लीअम फॉक्स यांच्या मते युरोपशी करार हा मानवी इतिहासातल्या सर्वांत सोप्या करारांपैकी एक ठरायला हवा होता. आज हे दोघे कुठल्या चर्चेत दिसतात? ब्रेक्झिटचे म्होरके नायजेल फराज यांनी २०२३ मध्ये टीव्हीवर सांगून टाकलं की ब्रेक्झिट फसलं, पण दोष टोरींचा (तेव्हाच्या सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा), त्यांना राबवता आलं नाही. टोरी म्हणतात दोष माजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा, नाहीतर नोकरशाहीचा. युरोपवादी म्हणतात २०१६ चे पंतप्रधान कॅमरनचा, ज्यांनी पक्षातली भांडणं मिटवायला सार्वमत पुकारलं आणि हरल्यावर राजीनामा देऊन निघून गेले. किंवा मजूर पक्षाच्या कॉर्बिनचा, जे प्रचारात मनापासून उतरलेच नाहीत. आणि गेल्या मे महिन्यात आमच्या केंटने, जिथे दर मोठ्या सुट्टीला एम-२० महामार्गावर ट्रकांच्या रांगा लागतात, कौंटी काउन्सिल दिलं कुणाला? फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला.

सगळ्यात मासलेवाईक प्रकरण मात्र आयातीच्या तपासणीचं. युरोपने ब्रिटिश मालाची तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू केली. ब्रिटनने युरोपीय मालाची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली. २०२२ मध्ये मंत्री जेकब रीस-मॉग म्हणाले की ही तपासणी लादणं म्हणजे आपल्याच हाताने स्वतःला इजा करून घेणं. हे ब्रेक्झिटचे कट्टर पुरस्कर्ते! शेवटी ३० एप्रिल २०२४ पासून मांस, दुग्धजन्य माल, रोपं यांची प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली, एका कन्साइनमेंटला कमाल १४५ पौंड शुल्क. वर्षभरात पंतप्रधान स्टार्मर यांनी १९ मे २०२५ ला युरोपशी अन्न आणि वनस्पतींच्या तपासण्या बहुतांशी उठवण्यावर तत्त्वतः सहमती केली. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या हिशोबाने सीमेवरच्या या सगळ्या योजनांवर सरकारचे किमान ४.७ अब्ज पौंड जायचे होते. ते कुणाच्या नावावर टाकायचे?

येऊ द्या मतं. शिव्या नकोत.

---

उगाच_विचारतो | शनि, ०९/०८/२०२५ - २३:०२

अडाणी प्रश्न. २०२० च्या ख्रिसमसला ब्रिटन-युरोप जो करार झाला तो 'शून्य टॅरिफ, शून्य कोटा' होता ना? मग कस्टम्सवाले नेमकं करतात तरी काय?

---

डोव्हरकर | रवि, १०/०८/२०२५ - ००:१०

अडाणी नाही, हाच प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक दुकानदार विचारायचा. टॅरिफ शून्य आहे ते 'ब्रिटनमध्ये तयार झालेल्या' मालाला. समजा तिरुपूरचा टी-शर्ट. तो ब्रिटनच्या गोदामात आला, इथे आयात शुल्क भरलं. २०२१ पूर्वी तोच शर्ट जर्मनीला कुरिअरने गेला असता, विषय संपला. आता तो जर्मनीच्या सीमेवर परत परदेशी माल, परत शुल्क, कारण शिवला भारतात. गोदामात नुसता ठेवला म्हणून ब्रिटिश होत नाही. मोठमोठ्या दुकानांच्या साखळ्यांनी युरोपात वेगळी गोदामं उघडून हे सोडवलं. ज्याच्याकडे एकच गोदाम आणि चार माणसं, त्याने जर्मन गिऱ्हाईक सोडलं.

दुसरं ग्रुपेज. छोट्या व्यापाऱ्याचा माल पूर्ण ट्रकभर नसतो, एकाच ट्रकमध्ये दहा-पंधरा जणांची पॅलेट असतात. प्रत्येकाचा ईओआरआय नंबर (कस्टम्सकडची व्यापाऱ्याची नोंदणी), कमोडिटी कोड (मालाच्या प्रकाराचा आकडा), इन्व्हॉइसवर मालाच्या मूळ देशाची घोषणा. खाण्याचा पदार्थ असेल तर पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का. एकाचा एक कोड चुकला की फ्रान्सच्या कॅले बंदरात अख्खा ट्रक उभा. चौदा जणांचं चोख असून उपयोग नाही. म्हणून वाहतूकवाले हळूहळू खाद्यपदार्थांचं ग्रुपेज घ्यायलाच नको म्हणू लागले.

चेशरमधल्या एका चीजवाल्याची बातमी तेव्हा गाजली होती. युरोपातल्या गिऱ्हाइकांना तो पंचवीस-तीस पौंडांच्या भेटपेट्या पाठवायचा. नव्या नियमाने प्रत्येक पेटीला १८० पौंडांचं प्रमाणपत्र लागायला लागलं. त्याने दाद मागितली तर मंत्र्यांनी उगवत्या बाजारपेठांकडे बघायला सांगितलं, असं तोच पत्रकारांना म्हणाला. टॅरिफ त्यालाही शून्यच होता बरं का.

---

सदाशिव_पेठी | रवि, १०/०८/२०२५ - ०९:४१

लेख रंजक आहे पण किस्से म्हणजे विदा नव्हे. जर्मनी युरोपीय संघातच आहे, २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं तिची अर्थव्यवस्था आकसली. मग त्याचं खापर कुणावर फोडायचं? ब्रिटनची सेवाक्षेत्राची निर्यात तर झकास वाढली आहे. आकडे द्या, मग बोलू.

---

डोव्हरकर | रवि, १०/०८/२०२५ - १२:२०

@सदाशिव_पेठी, सेवांचं बरोबर आहे, ते मान्यच. सल्लागार, वकील, सॉफ्टवेअर यांना पॅलेटवर शिक्का लागत नाही. (बँकांचं तितकंसं सोपं गेलं नाही, पण तो वेगळा विषय.)

मालाचे आकडे घ्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांचा डिसेंबर २०२४ चा अभ्यास आहे. त्यांच्या अंदाजाने २०२२ मध्ये ब्रिटनची मालाची निर्यात ब्रेक्झिटमुळे ६.४ टक्क्यांनी, म्हणजे २७ अब्ज पौंडांनी घटली. आणि सुमारे १६,४०० कंपन्यांनी युरोपला निर्यात करणं पूर्ण बंद केलं. माझा सगळा मुद्दा या दुसऱ्या आकड्यात आहे. बड्या कंपन्यांची निर्यात फारशी हललीच नाही, गळाले ते छोटे. कारखान्याला टाळं लागलं की टीव्हीचा कॅमेरा येतो, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. वेबसाइटवरून 'युरोपात पाठवतो' ही ओळ काढून टाकली तर कोण येणार?

सरकारी पैशावर चालणाऱ्या पण स्वतंत्र असलेल्या ओबीआर या अर्थव्यवस्थेचे अंदाज बांधणाऱ्या संस्थेचा अंदाज असा की दीर्घकाळात देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील, आयात-निर्यात १५ टक्क्यांनी. 'कमी राहील' हे एरवी झाली असती त्याच्या तुलनेत. जर्मनीशी तुलना करून ते कळत नाही.

---

लेस्टरचे_काका | रवि, १०/०८/२०२५ - १४:५५

डोव्हरकर, लिहिता छान, पण सगळ्यांना मूर्ख समजू नका. मी 'बाहेर पडा'ला मत दिलं होतं आणि आजही देईन. माझ्या ओळखीच्या कितीतरी भारतीयांनी दिलं होतं. का, ते सांगतो.

१ मे २०१४ ला युरोपने हापूस बंद केला होता, आठवतंय? आदल्या वर्षी भारतातून आलेल्या भाज्या-फळांच्या २०७ कन्साइनमेंटमध्ये फळमाशी वगैरे सापडली म्हणून. हापूसबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू. म्हणजे आमची ताटातली डावी-उजवी दोन्ही बाजू गेली! इथले खासदार कीथ वाझ यांनी पंतप्रधानांपर्यंत गाऱ्हाणं नेलं, पण पंतप्रधानांच्या हातात काही नव्हतं. ब्रसेल्समध्ये कुणीतरी ठरवलं आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानदाराचा हंगाम बुडाला. ज्या देशात कर भरतो त्या देशाच्या सरकारला आंब्याबद्दलसुद्धा बोलता येऊ नये?

दुसरं व्हिसाचं. माझ्या भाच्याला इथे आणायला वकील, फिया, पगाराची अट. आणि युरोपातला कुणीही उद्या सकाळी बस पकडून येऊ शकत होता. हा न्याय? मंत्री प्रीती पटेल तेव्हा सांगत होत्या, बाहेर पडलो तर करी हाउसांना आपल्याकडचे आचारी आणता येतील.

आणि ताजं उदाहरण घ्या. ट्रम्पने ब्रिटनला १० टक्के आयात शुल्क लावलं, युरोपला १५. हा ब्रेक्झिटचा फायदा नाही तर काय?

---

बेलफास्टची_सून | रवि, १०/०८/२०२५ - १७:३०

काका, नमस्कार. अळूचं दुःख मीही सोसलंय, पण मग पुढचंही सांगा की. आंब्यावरची बंदी तर जानेवारी २०१५ मध्येच उठवायचं ठरलं, भारताने तपासणी सुधारल्यावर, ब्रिटन युरोपातच असताना. आणि बाहेर पडल्यावर ब्रिटनने वनस्पती-आरोग्याचे युरोपचे नियम जवळजवळ जसेच्या तसे आपल्या कायद्यात उतरवून घेतले. फळमाशी ब्रिटनलाही नकोच आहे. आचाऱ्यांचं म्हणाल तर गेल्याच महिन्यापासून पदवीच्या तोडीची नसलेली बहुतेक कामं कुशल कामगारांच्या व्हिसातून काढून टाकली, आचारी त्यातच आले. भाच्याचं काय झालं?

आता आमची कर्मकथा. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी 'राहू या' म्हटलं होतं. पण आयर्लंड बेटावर पुन्हा सीमेची चौकी उभारणं १९९८ च्या शांतता करारानंतर कुणालाच परवडणारं नव्हतं. मग चौकी कुठे? समुद्रात. म्हणजे लिव्हरपूलहून बेलफास्टला, एकाच देशातून त्याच देशात, माल यायचा तर कागद. पंतप्रधान बोरिस जॉन्सन नोव्हेंबर २०१९ मध्ये इथे येऊन व्यापाऱ्यांना सांगून गेले की कुणी फॉर्म मागितला तर मला फोन करा, मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगेन. हा माणूस स्वतः तो करार करून आलेला! २०२१ मध्ये इंग्लंडचे सॉसेज बेलफास्टला येऊ द्यायचे की नाही यावर लंडन आणि ब्रसेल्समध्ये महिनोन् महिने रण पेटलं होतं.

इथल्या डीयूपी या ब्रिटनशी एकजूट मानणाऱ्या पक्षाने ब्रेक्झिटचा हिरिरीने प्रचार केला, मग समुद्रातल्या सीमेच्या निषेधार्थ २०२२ पासून दोन वर्षं विधानसभाच चालू दिली नाही. दवाखान्यांच्या रांगा वाढत होत्या आणि निर्णय घ्यायला मंत्री नाहीत. २०२३ मध्ये पंतप्रधान सुनक यांनी युरोपशी विंडसर फ्रेमवर्क हा नवा समझोता आणला, इथेच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका, पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्याला लाल मार्गिका, पाकिटांवर 'युरोपीय संघासाठी नाही' असा छाप. बरं चाललंय आता, नाही असं नाही. पण मी आजही इंग्लंडमधल्या एका साइटवरून मेथीचं बी मागवायला गेले तर शेवटच्या पानावर येतं: उत्तर आयर्लंडला पाठवत नाही. घर माझं युनायटेड किंग्डममध्येच आहे ना, अशी शंका येते.

डीयूपीला इथे दोष दिला की ते म्हणतात लंडनने दगा दिला. लंडनला विचारलं की ते म्हणतात ब्रसेल्स हटवादी. ब्रसेल्स म्हणतं, सही तुमची आहे.

---

लेस्टरचे_काका | रवि, १०/०८/२०२५ - १९:१२

सूनबाई, भाचा कॅनडात गेला. मुद्दा तसाच राहतो. निर्णय चुकला तरी आमचा आम्ही चुकवला, आणि चुकवणाऱ्यांना २०२४ च्या निवडणुकीत घरी पाठवलं. ब्रसेल्सच्या आयुक्ताला मी कसा घरी पाठवणार होतो? आणि आचाऱ्यांसाठी नव्या भारत-ब्रिटन करारात शेफ, योगशिक्षक, शास्त्रीय संगीतवाले मिळून वर्षाला १८०० जागा आहेतच की.

---

खिडकीतला_बसलेला | रवि, १०/०८/२०२५ - १९:४०

१८०० मध्ये तबलजी किती आणि तंदूरवाले किती, यावर वेगळा धागा काढा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

चाकणकर | सोम, ११/०८/२०२५ - ०८:१५

आमचं युनिट गाड्यांचे सुटे भाग करतं, म्हणून या बाजूचं थोडं. जॅग्वार लँड रोव्हरने स्लोव्हाकियात नित्राला कारखाना काढला, डिफेंडर तिथेच बनते. लोक बिनधास्त ठोकून देतात की टाटा ब्रेक्झिटमुळे पळाले. तो निर्णय २०१५ चा, सार्वमताच्या आधीचा. स्विंडनचा होंडाचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, कंपनी म्हणाली ब्रेक्झिटचा संबंध नाही. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण नुसती तारीख जुळली म्हणून दोष जुळत नाही, हे युरोपवाद्यांनीही लक्षात घ्यावं.

खरा फास बॅटरीत आहे. विजेच्या गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा. ब्रिटन-युरोप करारातल्या मूळ देशाच्या नियमांप्रमाणे २०२४ पासून बॅटरी प्रामुख्याने ब्रिटन किंवा युरोपातली नसेल तर गाडीवर १० टक्के शुल्क लागणार होतं. दोन्हीकडच्या कंपन्यांनी बोंब मारली, कारण बॅटऱ्या येत होत्या आशियातून, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती तारीख २०२६ अखेरपर्यंत ढकलली. टाटांचा बॅटरी कारखाना सॉमरसेटमध्ये येतोय, ४ अब्ज पौंडांचा, त्यामागचं हे एक मोठं कारण समजा. ब्रिटिश सरकारनेही घसघशीत मदत दिली आहे. म्हणजे ब्रेक्झिटने काही कारखाने आणलेही, फक्त करदात्याच्या पैशाने.

---

सदाशिव_पेठी | सोम, ११/०८/२०२५ - १०:०५

चाकणकर, नेमका प्रतिसाद. डोव्हरकरांचा 'छोटे गळाले' हा मुद्दा पटला. 'दोष कुणाचा' हा प्रश्न मात्र मला अजूनही फसवा वाटतो. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख लोकांनी मत दिलं, त्यात काकांसारखे नीट विचार केलेलेही होते. गंमत म्हणजे राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून वर्क व्हिसावरच्या भारतीयांनाही त्या सार्वमतात मत होतं, आणि बारा वर्षं तिथे राहून कर भरणाऱ्या पोलिश माणसाला नव्हतं.

---

डोव्हरकर | सोम, ११/०८/२०२५ - २१:३०

मतदाराला मी दोष देतच नाही. कौल फक्त 'बाहेर पडा' एवढाच होता. कस्टम्स युनियन सोडा, असं मतपत्रिकेवर कुठेही नव्हतं. ते थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउसच्या भाषणात जाहीर केलं, आणि तिथून पुढे मे यांचा चेकर्सचा आराखडा, संसदेने तीनदा फेटाळलेला करार, जॉन्सन. दोष शोधायचाच असेल तर मी तिथून सुरुवात करेन. मासेमारीचं बघा: देशाच्या उत्पन्नात ०.१ टक्क्याहून कमी वाटा, पण वाटाघाटी शेवटपर्यंत त्यावरच अडलेल्या. आणि करार लागू झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत स्कॉटलंडचे कोळंबी-खेकडेवाले लंडनमध्ये ट्रक घेऊन निषेधाला आले, कारण ताजा माल कागदांत अडकून सडत होता. त्याच सुमारास रीस-मॉग संसदेत म्हणाले, मासे आता ब्रिटिश झालेत आणि म्हणून जास्त आनंदी आहेत. गेल्या मे मध्ये स्टार्मर यांनी युरोपीय बोटींना आणखी १२ वर्षं, २०३८ पर्यंत मुभा दिली. कोळ्यांना दोन्ही वेळा विचारलं नाही.

काका, ट्रम्पच्या १० टक्क्यांचं मान्य. त्यात तुमची बाजू वरचढ आहे.

---

निफाडचा_बागायतदार | मंगळ, १२/०८/२०२५ - ०६:५०

सगळं वाचलं. आमच्याकडं २०१० ला क्लोरमेक्वाट या बागेतल्या औषधाचं प्रकरण झालं होतं, युरोपनं द्राक्षं अडवली, मग बागायतदार निर्यातदाराला, निर्यातदार सरकारी खात्याला आणि खातं बागायतदाराला नावं ठेवत बसलं. कंटेनरचे पैसे गेले ते गेलेच. तवा हे लंडनचं काही नवं वाटलं नाही.

माझा प्रश्न कामाचा आहे. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. आमचा माल नेदरलँडला पण जातो आणि इंग्लंडला पण. पहिले रॉटरडॅमला उतरवून तिथून पुढं इंग्लंडला ढकलत होते. आता दोन्हीकडची रेसिड्यूची (मालात राहिलेल्या औषधाची) यादी येगळी हाय म्हणतात. खरं का? नव्या करारानं काही फरक?

---

डोव्हरकर | मंगळ, १२/०८/२०२५ - ०९:१५

दादा, खरं आहे. २०२१ पासून ब्रिटनची औषधांच्या अवशेषांची मर्यादा वेगळी ठरते, ती यादी इथलं एचएसई हे सरकारी आरोग्य-सुरक्षा खातं सांभाळतं. सुरुवातीला दोन्ही याद्या सारख्याच होत्या, पण युरोपने त्यानंतर काही औषधांच्या मर्यादा खाली आणल्या आणि ब्रिटन प्रत्येक वेळी त्यांच्या मागोमाग गेलाच असं नाही. उत्तर आयर्लंडला मात्र युरोपचीच यादी लागू. नव्या भारत-ब्रिटन कराराने शुल्क जाईल, रेसिड्यूचा नियम जाणार नाही. आणि मे मधली सहमती प्रत्यक्षात उतरली तर खाद्यपदार्थांच्या बाबतीत ब्रिटन युरोपचेच नियम पाळत जाईल, ते ठरवण्यात ब्रिटनला मत नसताना. म्हणजे दोन याद्यांची पुन्हा एक होईल. कधी, ते वाटाघाटींवर आहे.

---

लेस्टरचे_काका | मंगळ, १२/०८/२०२५ - ०९:५८

'मत नसताना' हे ठळक अक्षरात लिहा डोव्हरकर!

---

निफाडचा_बागायतदार | मंगळ, १२/०८/२०२५ - १३:२०

मग यंदा सगळ्या प्लॉटला युरोपचीच यादी धरून फवारणीचं शेड्यूल लावतो, ज्यात बसंल तिकडं माल जाईल. एक औषध बदलावं लागंल, एकरी खर्च वाढतोय पण इलाज नाही. डोव्हरकर, एचएसईची यादी कुठं बघायची तेवढं व्यनि (खासगी निरोप) करा. काकांना हंगामात पेटी पाठवतो, कस्टम्स तुम्ही बघा.